भट्टीची पाठ

आमच्या घरी गॅस बंद करायला एक माणूस पगारी ठेवावा लागणार, असं माझा नवरा थट्टेनं म्हणायचा. त्याला कारण अण्णा, म्हणजे माझे सासरे. त्यांचा सगळा जन्म बेकरीत गेला, भट्टीसमोर. आणि बेकरीची भट्टी कधी विझवत नाहीत. एकदा गार पडली की पुन्हा तापायला दिवस मोडतो, आतल्या विटांना चिरा जातात, शिवाय मालकाचा पारा चढतो तो वेगळाच. त्यामुळे आग पेटवणं, वाढवणं, धुमसत ठेवणं हे सगळं अण्णांच्या हातात मुरलेलं होतं. विझवणं तेवढं त्या हातांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. घरी चहा करायचे, पातेलं उतरवायचे आणि ज्योत तशीच ठेवून कप घेऊन खिडकीत जाऊन बसायचे. मग सासूबाई मागून यायच्या आणि न बोलता बटण फिरवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हा या दोघांचा आपसातला काहीतरी खेळ असावा.

सासूबाई गेल्या आणि मागून येणारं कोणी उरलं नाही. एका सकाळी पातेलं जळून कोळसा झालं आणि शेजारच्या फडक्यानं पेट घेतला. मी ओल्या केसांनी धावत आले, बादलीभर पाणी ओतलं, ओटाभर राख झाली. अण्णा खिडकीत बसून शांतपणे चहा पीत होते. वास आला नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "आला की. मला वाटलं, भाजतंय काहीतरी." जळण्याच्या वासानं दचकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

नवरा बोटीवर इंजिनाचं काम करतो. तेव्हा नेमका सुट्टीवर घरी होता. त्यानं अण्णांना समोर बसवलं आणि सांगितलं की यापुढे गॅसला हात लावायचा नाही. अण्णा "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून "चहा मिळेल का?" असं विचारायला लागले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या कपबशीतून. मला ते ऐकवत नसे, पण घर पेटलेलं तरी कुणाला परवडतं?

अण्णा दिसायला कसे, तर उंच, वाळलेले, थोडे पुढे झुकलेले. भट्टीत लांब दांड्याचं फावडं घालून घालून ते झुकणं कायमचं झालेलं. कोपरापासून मनगटापर्यंत हाताला एक केस नाही, जागोजागी चकचकीत डाग. कितीही थंडी पडो, पूर्ण बाह्यांचा सदरा घालत नसत, कारण बाही पेटते. बेकरी सोडून वर्षं लोटली तरी बाही पेटतेच. बोलणं मोजकं, आणि सगळ्या जगाचा न्याय पावाच्या हिशेबानं. आमच्या समोरचा गोडबोल्या वकील त्यांच्या मते "वरून भाजलाय, आतून कच्चा आहे." मला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हात थंड आहेत. पिठाला चांगले." मी मनात म्हटलं, झालं, हे घर काही आपलं नव्हे. नंतर नवऱ्यानं सांगितलं की याहून मोठी पावती अण्णांनी आजवर कुणाला दिलेली नाही.

तर असे आम्ही दोघं, नवरा समुद्रावर आणि घरात सासरा-सून. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीला मधोमध एक जाड पडदा लावून तिचे दोन भाग केलेले. पडद्याच्या अलीकडे माझं टेबल, पलीकडे अण्णांची खाट. मी बांधकामाच्या एका ऑफिससाठी चित्रं करते. इमारत उभी राहायच्या आधी ती कशी दिसेल, खिडकीतून ऊन कसं येईल, जिन्यावर सावली कुठे पडेल, हे सगळं कंप्युटरवर खऱ्यासारखं करून दाखवायचं. मी आराखडा भरते, पण ऊन-सावलीचा हिशेब मशीन करतं, आणि तो करताना त्याला तासन्‌तास घाम फुटतो. म्हणून मशीन दणकट घेतलेलं. सीपीयूचा तो मोठा काळा डबा टेबलाच्या खालच्या लाकडी खणात ठेवलेला. दोन्ही बाजूंना फळ्या, पुढून मोकळा, मागून मोकळा. त्याची पाठ पडद्याच्या खालून अण्णांच्या बाजूला निघायची. त्या खणात त्यानं कितीतरी उन्हाळे सुखानं काढले होते.

आणि भर थंडीत ते तापायला लागलं.

पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा मला वाटलं वीज गेली. पण वर पंखा फिरत होता. थंडीत पंखा का, तर दुपारी स्वयंपाकाचा धूर जावा म्हणून. मशीन पुन्हा सुरू केलं, काम पुन्हा लावलं, घटकाभरात पुन्हा काळोख. मग मी तापमान दाखवणारा तो छोटा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात लावून ठेवला. सकाळी कामाला लागलं की साठ-पासष्ट, अगदी शहाण्यासारखं. दुपार झाली की सत्तर, ऐंशी, नव्वद, आणि त्याच्याही वर गेलं की मशीन स्वतःला वाचवायला स्वतःच बंद होतं. बाहेर माणसं काकडत होती आणि माझ्या पायाशी हा डबा फणफणत होता.

ऑफिसच्या मॅडम वाईट नाहीत. पण दोनदा काम उशिरा गेलं तेव्हा त्यांनी फोन केला. म्हणाल्या, "घरून जमत नसेल तर इथे येऊन बस. इथे मशीनची काळजी आम्ही घेऊ." इथे म्हणजे दुसऱ्या शहरात. म्हणजे मी तिकडे खोली घेऊन राहायचं, आणि मग अण्णांचं काय? थोरल्या दिरांनी तर लगेच तोडगा काढला. "अण्णांना इकडे पाठव, त्यांना वेगळी खोली देतो." दीर-जाऊ दोघंही मनानं चांगले, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं घर अकराव्या मजल्यावर, दोघंही दिवसभर कामाला, आणि तिथे पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत कापून येतो. अण्णांनी तिथे एकदा मुक्काम केला होता. परत आल्यावर काय केलं तिथे, असं मी विचारलं तर म्हणाले, "लिफ्ट बघितली."

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्याकडे तर भिंतही नाही, नुसता पडदा. फोनवरचं सगळं अण्णांनी ऐकलं असणार. त्या दिवशी चहासुद्धा मागितला नाही, मीच नेऊन दिला.

आमच्या गल्लीच्या टोकाला जिन्याखाली एक कंप्युटर दुरुस्तीवाला बसतो. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी मशीनच्या अंगाला हात लावून बघतो आणि मगच स्क्रू ड्रायव्हर काढतो. मी डबा उचलून त्याच्याकडे नेला. "थंडीत ताप?" तो म्हणाला. "उन्हाळ्यात आला असतात तर मला समजलं असतं." त्यानं झाकण उघडलं, ब्लोअरनं धूळ उडवली. खालच्या जाळीवर राखाडी धुळीत मिसळलेली पांढरी भुकटी निघाली. "भिंती घासल्यात का?" त्यानं विचारलं. आमच्या भिंतीचे पापुद्रे निघतातच, म्हणून मी हो म्हटलं. मग त्यानं आतल्या मुख्य चिपवरची, तिची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती ती पुसून नवी लावली. वाटाण्याएवढी, वर हलक्या हातानं पंखा बसवला. दुकानात दुपारभर जड काम लावून ठेवलं. आकडा सत्तरच्या वर गेला नाही.

घरी आणलं आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा नव्वद.

पुन्हा डॉक्टर. त्यानं मागचा पंखाच बदलला. पुन्हा दुकानात गुणी बाळ, पुन्हा घरी तेच रडगाणं. शेवटी तो स्वतः घरी आला, पण तो येणार सकाळी, आणि सकाळी आमचं मशीन साखरेहून गोड. तो तासभर बसला, खणातून हात घालून वारा तपासला, विजेची पट्टी बघितली. अण्णांनी त्याला पाणी दिलं आणि जरा लांब उभं राहून सगळं बघत राहिले. डॉक्टर उठताना म्हणाला, "वहिनी, काही पोरं असतात ना, दवाखान्यात नेलं की ताप उतरतो, तसं आहे हे. मशीनमध्ये दोष नाही. दोष तुमच्या घरात आहे कुठेतरी." माझं डोकं तसंही मशीनच्या आधी तापतं. मी म्हटलं, "घरात मी आणि अण्णा. आता आमच्यातल्या कुणाला बदलून देता?" डॉक्टर हसला. अण्णा हसले नाहीत.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट सुरू झाली होती, आणि ती मी कुणाला सांगितली नाही. दुपारी पडद्यापलीकडून आंबूस वास यायचा. म्हातारं माणूस, थंडीचे दिवस. माझ्या मनात जे यायचं तेच आलं. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात, विचारलं की माणूस अर्धा मरतो. म्हणून मी काही न बोलता रोज त्यांची चादर, अंथरूण, पांघरूण धुवायला लागले. अण्णा खाटेच्या कडेला बसून ती उचलाउचल बघायचे. एकदा म्हणाले, "रोज काय धुतेस गं?" मी म्हटलं, "ऊन चांगलं पडतंय म्हणून." ऊन त्या आठवड्यात कुणाला दिसलंही नव्हतं.

आणि संध्याकाळी ते फिरायला जायला लागले होते. सासूबाईंची निळी शाल पोटाशी घट्ट आवळून, हळूहळू, जणू पोटात दुखतंय. जाताना चेहऱ्यावर उजेड असायचा आणि येताना नसायचा. मला वाटलं, थकत असतील. बरं आहे, तेवढंच चालणं होतं.

मग मॅडमनी शाळेचं काम दिलं. मोठी शाळा, मधे अंगण, चारी बाजूंनी वर्ग. "हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवं," त्या म्हणाल्या. "नाही आलं तर सोमवारपासून इथे ये. मला दुसरा मार्ग नाही गं." त्यांच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

गुरुवारी मी खण पुसला, जाळ्या पुसल्या, पुढे टेबलफॅन लावला. शुक्रवारी सकाळपासून शाळेची चित्रं एकामागून एक निघायला लागली. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त झाली. जेवून मी कानावर हेडफोन चढवले, मशीनचा घरघराट ऐकला की मला धडकी भरायची म्हणून, आणि त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे डोळे लावून बसले. सदुसष्ट. एकाहत्तर. शेवटून दुसरं चित्र सुरू झालं आणि आकडा चढायला लागला. अठ्ठ्याहत्तर. पंच्याऐंशी. माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. काम थांबवावं तर वेळेत होणार नाही, चालू ठेवावं तर बंद पडणार. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. मी हेडफोन काढून फेकले, मोबाइलचा दिवा लावला आणि टेबलाखाली शिरले.

समोरून हात लावला, टेबलफॅनचा वारा आत जात होता. मग फळीच्या फटीतून मी पाठीमागे बघितलं. मागच्या जाळीपाशी पलीकडच्या खिडकीचा उजेड दिसायला हवा होता. उजेड नव्हता. निळी लोकर होती.

मी गुडघ्यांवर तशीच पुढे सरकले आणि पडदा वर केला.

अण्णा जमिनीवर बसले होते, मांडी घालून, सीपीयूच्या पाठीला अगदी लागून. त्यांच्यासमोर आमची मोठी परात होती, तिच्यावर ओलं फडकं, आणि सगळ्यावरून सासूबाईंची शाल गुंडाळून ती जाळीशी दाबून धरलेली. वरून त्यांचा एक हात शालीवर, झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. खाटेवर पोळपाट, आणि चादरीवर, माझ्या रोज धुतलेल्या चादरीवर, सांडलेलं पीठ.

"अण्णा, हे काय आहे?"

"पीठ आहे."

"ते दिसतंय मला. इथे का?"

"थंडीत फुगत नाही गं," ते म्हणाले. पकडलेल्या मुलासारखे बघत होते, पण बोलणं मात्र कामातल्या माणसाचं. "इथे ऊब आहे. पुढून मी काहीच लावलेलं नाही हां. पुढची बाजू रोज फडक्यानं पुसतो मी, तू आंघोळीला गेलीस की. भट्टीचं तोंड मोकळंच ठेवायचं असतं. हे पाठीला आहे. भट्टीच्या पाठीमागे आम्ही नेहमी पीठ ठेवायचो. पाठीची ऊब वायाच जाते."

मी एका हातानं ती परात ओढून बाजूला केली. कोंडलेली हवा भसकन बाहेर आली, माझ्या तोंडावर, खऱ्याच भट्टीसारखी. आणि मग माझा तोल गेला. जे बोलायला नको होतं ते सगळं बोलले. हा डबा तोंडानं हवा घेतो आणि पाठीनं सोडतो, तुम्ही त्याचा श्वास कोंडलात, मी रोज इथे मरतेय, डॉक्टरकडे खेपा घालतेय, नवा पंखा बसवलाय, "आणि माझी ही नोकरी हातातून गेली ना अण्णा, तर तुम्हालाच..."

मी जीभ चावली.

"थोरल्याकडे जावं लागेल," अण्णांनी वाक्य पुरं केलं. "माहीत आहे. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

ते परातीकडे बघत होते. "नाक्यावरच्या बेकरीवालीला विचारलं मी. म्हटलं, मळायला बसतो सकाळचा. ती म्हणाली, एक पाव तुमच्या हातचा नीट करून आणा, मग बघू. रोज नेतो संध्याकाळी. ती भाजून देते. रोज दगड होतो." त्यांनी बोटानं फडक्याची कड सारखी केली. "पोत्याचं माप येतं मला. या एवढ्याशा परातीचं येत नाही. पोत्याला मूठभर यीस्ट, मग याला किती? चिमूट घातली तर फुगत नाही, दोन घातल्या तर आंबट होतं."

"पण कशाला अण्णा? तुम्हाला काय कमी आहे इथे?"

"कामाच्या माणसाला कुठे ठेवायचं, असं कुणी विचारत नाही," अण्णा म्हणाले. "ते रिकाम्या माणसाचं विचारतात."

मला रडू आलं. आधीच रागानं लाल झाले होते, त्यामुळे त्यांना तेही रागाचंच वाटलं असणार, कारण ते घाईघाईनं शालीची घडी करायला लागले. मी रोज चादरी धुत होते त्या कशाच्या समजुतीनं, हे त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. आंबूस वास येत होता तो एका माणसाच्या धडपडीचा, आणि मी त्याला साबण लावत बसले होते.

"उतरतंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी वळून टेबलाखालून मान काढली. एक्क्याऐंशी. शहात्तर. बघता बघता सत्तर. "उतरतंय," मी म्हटलं.

"मग बस तू. काम कर. मी काही हलत नाही इथून."

शेवटची दोन चित्रं निघेपर्यंत मी खुर्चीत होते आणि ते पडद्यापलीकडे जमिनीवर, परात मांडीवर घेऊन, जाळीपासून हातभर लांब. मधूनमधून विचारायचे, "किती?" मी आकडा सांगायची. शाळा वेळेत गेली. मॅडमचं उत्तर आलं, "मिळालं. अंगणातलं ऊन छान जमलंय. पुढचंही पाठवते." एवढ्यावर सोमवार टळला, पण मला काही उठून नाचावंसं वाटलं नाही. मी उठले आणि परात स्वयंपाकघरात नेली.

"चला," मी अण्णांना म्हटलं. "भाजू या."

ते दाराशी थांबले. सवयच लागली होती तिथे थांबायची. मी त्यांच्या दंडाला धरून आत आणलं. जाड बुडाचं पातेलं, आत वाळू, वर ताटली, त्यावर पाव, वर घट्ट झाकण. त्यांनी सांगितलं तसं मी मांडलं, पण गॅस त्यांना पेटवायला लावला. ज्योतीवर तळहात धरून त्यांनी मनात काहीतरी म्हटलं, बटण जरासं मागे फिरवलं, पुन्हा हात धरला, मान हलवली. किती दिवसांनी मी त्यांना ओट्याशी उभं राहिलेलं बघत होते. पाव झाला, झाकण निघालं, घरभर वास पसरला. अण्णांनी पातेलं उतरवलं, पाव फडक्यात घेतला, आणि ज्योत तशीच ठेवून खिडकीत जाऊन बसले.

मी मागून गेले आणि बटण फिरवलं.

पाव म्हणाल तर वाईट होता. खालून करपलेला, मधे चिकट, उचलला तर हाताला वजन लागावं असा. अण्णांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी चहा केला. चहात बुडवल्यावर कुणाचाही पाव पाव होतो. आम्ही दोघांनी मिळून तो सगळा संपवला.

पुढच्या काही दिवसांत आम्ही दोघांनी त्या परातीचं माप शोधलं. माझ्या हातातला तो थंडपणा शेवटी कामी आला. अण्णा सांगायचे आणि मी मळायची, मग मला बाजूला सारून तेच मळायचे, कारण माझं बघवत नसे. परातीसाठी एक तिपाई आणली आणि ती सीपीयूच्या पाठीपासून इतक्या अंतरावर ठेवली की उबेची झुळूक पिठाला लागेल आणि डब्याचा श्वास मोकळा राहील. ते अंतर अण्णांनीच तळहातानं ठरवलं. आणि मी त्यांना एक काम लावून दिलं. दुपारी माझी चित्रं निघत असताना त्यांनी मधूनमधून जाळीमागे हात धरायचा आणि सांगायचं. पडद्यापलीकडून आवाज येतो, "बेतात आहे." किंवा, "जरा चढलंय, बघ." मला आकडा समोर दिसतच असतो. पण मी तो छोटा करून कोपऱ्यात ढकलला आहे, आणि त्यांनी सांगितल्यावरच बघते. डॉक्टरला हे सगळं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याच्या हातातला स्क्रू हरवला. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर त्यानं इंजिनवाल्यासारखं आधी तिपाईचं अंतर विचारून घेतलं.

परवा थोरल्या दिरांचा फोन आला, अण्णांच्याच मोबाइलवर. त्यांना अजून वाटतं की अण्णांनी तिकडे यावं, आणि त्यात त्यांचं प्रेमच आहे. माझ्या कानांवर हेडफोन होते, पण आत गाणं नव्हतं. पडदा नेहमीचा.

"नाही रे, मला नाही हलता येणार," अण्णा सांगत होते. "इथलं मशीन माझ्यावर आहे... अरे तापतं ते. पुढून ती बघते, पण मागून कुणीतरी बघायला नको का?... नाही, तिला एकटीला नाही जमायचं. तिचं डोकं फार लवकर तापतं... सुट्टी? सुट्टी कशी घेऊ? शाळा झाली, आता हॉस्पिटल आलंय मोठं."

मी कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघितलं. मशीन नुसतं बसलेलं होतं, एकही चित्र लावलेलं नव्हतं. अडतीस.

"अण्णा," मी मोठ्यानं हाक मारली, "बघा हो जरा. तापल्यासारखं वाटतंय."

"ठेव, ठेव, हाक आली," ते फोनवर म्हणाले. खाट करकरली. जाळीमागे तळहात धरून बसले असणार.

"गार आहे गं," पलीकडून आवाज आला. आणि जरा थांबून, "पण बघितलेलं बरं."